खांडा सोडून कट्यार

लोणावळा,
नागपंचमी

चि. समीक्षा हिला अनेक आशीर्वाद.

एका गंभीर अन्यायाची नोंद व्हावी म्हणून हे पत्र. परवाच्या रविवारी, टेबलावर चहा यायच्याही आत, तुझ्या आईने तलवार बदलली. अर्ज नाही, विनंती नाही, सभासदांशी सल्लामसलत नाही. फासे मांडून झाले आणि ही म्हणाली, "आजपासनं माझ्याकडं कट्यार." जसं काही गवार मिळाली नाही म्हणून भेंडी आणली.

या टेबलाची संस्थापक तूच, त्यामुळे तुलाच पूर्वपीठिका सांगणं हास्यास्पद आहे. पण तक्रार करायची तर रीतसर करावी.

टाळेबंदीत तू पुण्याहून घरी येऊन अडकलीस ती वीस पैलूंचा एक फासा आणि एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, राक्षस समोर आला की लढायचं का पळायचं ते बोलून ठरवायचं, आणि वार लागला की हुकला हे फासा सांगणार. मी म्हणालो होतो, हे नाटकही नाही आणि सोंगट्याही नाहीत. आता तीच गोष्ट मी लोकांना कौतुकाने सांगतो. तुझी आई, मी आणि कामशेतला लाकडाचं दुकान चालवणारा माझा वर्गमित्र अल्लाबक्ष ही तुझी पहिली गिऱ्हाइकं. तू ग्लासगोला गेलीस तेव्हा सूत्रधाराची गादी माझी संस्कृतची जुनी विद्यार्थिनी रेणुका हिच्याकडे आली. ती टाकव्याच्या कारखान्यात दिवसभर लोकांच्या चुका शोधते आणि रविवारी आमच्या.

आणि तलवारी. या खेळात माणूस कोणती तलवार निवडतो त्यावरून त्याची पत्रिका मांडता येते, हे तुझंच मत. तू स्वतः सूत्रधार असताना तुझ्या प्रत्येक खलनायकाच्या हातात रेपियर असायची. सडपातळ, सरळ, सुईसारखी. बोलत बोलत टोचणारी. कुणावर गेलीस कळत नाही. अल्लाबक्षला पहिल्या दिवशी तू वाकडी सिमिटार देऊ केलीस तेव्हा तो काय म्हणाला आठवतं? "अल्लाबक्ष म्हनलं की वाकडी तलवार. सिनेमात तीच, नाटकात तीच. न्हाई पायजे. मला सरळ द्या." म्हणून त्याचा तो बर्फाळ मुलखातला रानटी योद्धा, नाव बर्फ्या, आजतागायत सरळ लाँगस्वोर्ड घेऊन हिंडतो. खेळात मी आचार्य, आणि माझ्या आचार्यांकडे निस्त्रिंश आहे, म्हणजे तीस बोटांहून लांब असलेलं खड्ग. ते आजवर कुणालाही लागलेलं नाही, पण व्युत्पत्ती निर्दोष आहे.

आणि तुझी आई. पुस्तकातली सगळी चित्रं बघून झाल्यावर तिने बोट ठेवलं ते सर्वांत मोठीवर. ग्रेटस्वोर्ड, आपल्या टेबलावरचा दोन हातांचा खांडा. "मला ही. एका हातानं तर मी रोज पिठलं हलवते." तिची आक्काबाई नावाची लढवय्यी त्या खांड्याने ड्रॅगनची शेपटी तोडते आणि मग त्याच ड्रॅगनला विचारते, दुखलं का रे बाबा. असा खांडा सोडून आता कट्यार.

कट्यार ही मुळात तलवारच नव्हे. ती जवळ जाऊन वापरायची वस्तू आहे. समोरच्याला नव्हे, शेजारच्याला. आणि रेणुकाने आषाढातच जाहीर केलं आहे की गोष्टीतल्या ढगांच्या गडाच्या राजाने आपल्यातल्या एकाला फितवलं आहे. आता तूच दोन आणि दोन कर.

त्यात आपला तोल. हा नियम माझा, त्यामुळे त्याचा अभिमान मला असणारच: खेळातल्या माणसाच्या हाती जी तलवार, तीच लाकडाची करून खेळणाऱ्याने हात सरळ ठेवून धरायची, मी माझा खड्गस्तुतीचा शार्दूलविक्रीडितातला श्लोक संपूर्ण म्हणेपर्यंत. टोक झुकलं तर ती तलवार गेली. उगाच कुणीही उठून राक्षसाएवढी तलवार मागू नये म्हणून. दर खंडेनवमीला, फासे आणि तलवारी पाटावर पुजून झाल्या की तोल पुन्हा. तुझी आई दरवर्षी खांडा धरून उभी राहते आणि शेवटच्या चरणाला मला जांभई देऊन दाखवते.

खंडेनवमी दोन महिन्यांवर आली आणि हिने खांडा सोडला. मला हे कारस्थान वाटतं.

तू फोनवर हल्ली "हो", "बरं" आणि "बघू" या तीन शब्दांत सगळं मराठी उरकतेस. तुला आईने काही सांगितलं आहे का? खेळाबद्दल विचारतो आहे.

हे पत्र हाताने लिहून, फोटो काढून, मेलने पाठवत आहे. व्हॉट्सॲपवर नाही. तुझ्या आईचा आणि माझा फोन एकाच प्लगला चार्ज होतात आणि मला कुणावरच विश्वास राहिलेला नाही.

तुझा,
बाबा


लोणावळा,
श्रावण वद्य पंचमी

चि. समीक्षा,

तुझं उत्तर पोचलं. एवढ्या लांब पत्राला एवढंसं उत्तर: "बाबा, आईलाच विचारा ना."

मी जन्मभर टीकाग्रंथ वाचत आलो. ग्रंथकार काय म्हणाला यापेक्षा काय म्हणाला नाही तिकडे आमचं लक्ष. माझं पत्र वाचून कुठल्याही शहाण्या मुलीने लिहिलं असतं, "बाबा, कट्यार घेतली तर घेतली, तुम्हाला काय करायचंय?" तू तसं लिहिलं नाहीस. तू हसलीही नाहीस. याचा अर्थ विचारण्यासारखं काहीतरी आहे आणि ते तुला ठाऊक आहे. कटात तूही आहेस, अशी माझी नोंद झाली.

पुरावे आता वाढले आहेत. एकेक मांडतो.

घरात भाकरी बाहेरून येऊ लागली. तुझी आई, जी हॉटेलातल्या भाकरीला "पुठ्ठा" म्हणते, ती हल्ली कोपऱ्यावरच्या बचत गटाकडून भाकरी मागवते. मी विचारलं, "काय गं, हे काय नवीन?"

"त्या बायांना धंदा नको व्हय? तुम्हीच म्हणता, स्त्रियांना सक्षम करा."

"मी असं कधी म्हणालो?"

"म्हणायला पायजे होतं."

मी पुठ्ठा चावायला घेतला.

स्कूटर महिनाभर पार्किंगमध्ये उभी आहे. कारण विचारलं तर म्हणे भुशी धरणावर जाणाऱ्यांची गर्दी, "सगळी जनता रस्त्यातच भिजत उभी ऱ्हाते, मी गाडी कुटनं घालू?" बाजार भुशीच्या नेमका उलट दिशेला आहे. लोणावळ्यात जन्म काढलेल्या माणसाला ही थाप मारायची म्हणजे हिंमत हवी.

चहा ती डाव्या हाताने ओतते. फासा डाव्या हाताने टाकते. मी निष्कर्ष काढला की डाव्या हाताने कट्यार चालवण्याचा सराव चालू आहे. बर्फ्यालाही हा निष्कर्ष सांगितला. अल्लाबक्ष नुसता बिस्कीट बुडवत बसला, आणि बिस्कीट तुटून चहात पडलं तरी बघत राहिला. त्याच्याकडेही लक्ष ठेवायला हवं.

आता मंगळवारबद्दल. दर मंगळवारी ती टाकव्याला तिच्या शालूबाई मावशीकडे जाते. म्हातारीची गुडघेदुखी. सकाळच्या लोकलने कान्हे, पुढे जीपने. या मंगळवारी दुपारी मी सहज मावशीला फोन केला. जसाच्या तसा देतो.

"मावशी, सारिका पोचली का?"

"कोन? सारिका? ...व्हय व्हय. हितंच हाय की."

"द्या बरं तिच्याकडे."

"आत्ता... आत्ता ती वावरात गेली."

"एवढ्या पावसात?"

"मास्तर, भात काय घरात उगावतं व्हय?"

"जेवली का ती?"

"जेवली की. चांगली दोन वेळा जेवली."

दुपारचा दीड वाजलेला, समीक्षा. दोन वेळा.

संध्याकाळी तुझी आई आली ती पायही न धुता ताटावर बसली. मी म्हणालो, मावशीने जेवू घातलं नाही वाटतं? म्हणाली, "कुटलं, वेळच झाला नाही." चपलेला चिखल नव्हता. टाकव्याच्या वावरातून कोरड्या चपलेने परत येणारी व्यक्ती मी पहिल्यांदा पाहिली. आणि उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला एक लहानशी गोल चिकटपट्टी. मी बघतोय हे बघून तिने पदर ओढला.

"काय लागलं?"

"काटा."

"काट्याला गोल पट्टी?"

"मग काय चौकोनी लावू?"

मी विषय बदलला. आचार्यांच्या सुरक्षेसाठी मी बर्फ्याला त्यांच्या मागे चालायला सांगितलं आहे. तुझ्या आईने ते ऐकलं आणि हसली. नेहमीसारखी हसली. म्हणून जास्तच संशय येतो.

आईलाच विचारा म्हणतेस. विचारतोच आहे गं मी. रोज विचारतो. ती रोज उत्तरं देते. तोच तर पुरावा आहे.

तुझा,
बाबा


लोणावळा,
भाद्रपद शुद्ध पौर्णिमा

चि. समीक्षा,

गणपती गेले. घर एकदम मोठं झालंय.

तू फोन केलास, आईने स्पीकर लावला, आपण तिघं मोदकांबद्दल बोललो. कळ्या यंदा रेणुकाने पाडल्या हे तुला आईने सांगितलं नाही. "यंदा छान झालेत" एवढंच म्हणाली. ते खोटं नव्हतं. तुझी आई खोटं फार काटकसरीने वापरते.

आरतीचं तबक तिने माझ्या हाती दिलं. वीस-बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी म्हणालो, हा मान मला कशाबद्दल? म्हणाली, "तुमचा आवाज मोठा आहे म्हणून." आवाजाचा आणि तबकाचा काय संबंध, हे मी बाप्पासमोर विचारलं नाही.

आता टेबलाची बातमी, कारण तुला तीच कळवायची ठरली आहे.

घरच्या विसर्जनानंतरच्या रविवारी आम्ही ढगांच्या गडावर पोचलो. मी तयारीत होतो. बर्फ्या मागे, आचार्य मध्ये, आक्काबाई पुढे. तिचा हात मला दिसेल अशी रचना मी स्वतः करून घेतली होती. रेणुकाने अंधारातून भालेकरी काढला. भाला थेट आचार्यांच्या छातीवर. माझं निस्त्रिंश म्यानात, कारण ते तिथेच असतं. मी फासा उचलणार एवढ्यात तुझी आई म्हणाली, "मी मधी जाते."

रेणुका म्हणाली, "काकू, तुमच्याकडे कट्यार आहे. भाला अडवायला खांडा पाहिजे. कट्यारीने नाही जमायचं."

"अडवायचा कुटं म्हणते? मधी जाते म्हणले."

"मग भाला तुम्हाला लागणार."

"लागू दे."

तिने डाव्या हाताने फासा टाकला. तो टेबलावरून घरंगळून कपाटाखाली गेला. मी वाकून काढला. किती पडले होते ते मी नीट पाहिलं नाही, रेणुकाने जे सांगितलं ते मान्य केलं. आक्काबाई जखमी आहे. आचार्य शाबूत आहेत.

म्हणजे माझा सिद्धान्त कोसळला. फितूर ती नाही. खांडा सोडला तो पाठीत वार करायला नव्हे. माणसाने पाच आठवडे एवढ्या मेहनतीने संशय बांधावा आणि तो एका वाक्यात पडावा, हे शास्त्राला धरून नाही. आता संशय तर शिल्लक आहे, पण त्याला घर नाही. तो रोज सकाळी माझ्याबरोबर उठतो आणि स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ती बरणीचं झाकण कसं उघडते ते बघतो. ती बरणी मांडीत धरते. झाकण डाव्या हाताने फिरवते. उघडलं नाही तर परत फडताळात ठेवते आणि म्हणते, आज लोणचं नको.

मी नंतर ते झाकण सैल करून ठेवतो. सगळ्याच बरण्यांची झाकणं हल्ली सैल असतात. मुंग्या झाल्या आहेत.

खेळ संपल्यावर मी तिला म्हणालो, "आक्काबाई मधे का गेली?"

"तुमचा आचार्य मेला असता."

"मेला असता तर दुसरा केला असता. नियम आहे तसा."

"मला दुसरा नको होता," ती म्हणाली आणि कप गोळा करायला लागली. एकेक. पूर्वी चारी एकदम उचलायची.

या पत्राला उत्तर देऊ नकोस. उत्तरात तू काय लिहिणार नाहीस ते मला आता पाठ झालं आहे.

बाबा


लोणावळा,
सर्वपित्री अमावास्या

चि. समीक्षा,

उत्तर देऊ नकोस म्हटलं तर खरंच दिलं नाहीस. आज्ञाधारकपणा नको तिथे बरा सुचतो.

काल खंडेनवमीची तयारी म्हणून भिंतीवरच्या लाकडी तलवारी पुसायला काढल्या. माझं निस्त्रिंश पुसलं, अल्लाबक्षची लाँगस्वोर्ड पुसली. मग स्टुलावर चढून खांडा काढायला गेलो. तुला आठवत असेल, तो शिसवीचा. अल्लाबक्षने कुणाच्या तरी जुन्या पलंगाच्या पायांतून काढलेलं लाकूड. पहिल्या वर्षी तो हाती घेतला तेव्हा माझी पाठ धरली होती आणि तुझी आई म्हणाली होती, "सोडा, तुम्ही श्लोक म्हणा." त्या सवयीने मी श्वास घेतला, पाय रोवले, खांडा उचलला, आणि स्टुलासकट मागे जाता जाता वाचलो. तो आलाच. भाताच्या पेंढीसारखा.

माझी ताकद वाढलेली नाही. ही शक्यता मी सर्वांत आधी तपासली.

रंग तोच, मुठीवरची नक्षी तीच, पात्यावर तुझ्या वेळची ड्रॅगनवाली खूणही तीच. मी नखाने मुठीखाली जरा खरवडलं. आत पांढुरकं लाकूड.

मी तो खांडा चादरीत गुंडाळला आणि कामशेतला गेलो. तुझ्या आईला सांगितलं, झेंडू बघून येतो.

अल्लाबक्ष दुकानात रंधा मारत होता. परवीनभाभींनी चहा ठेवला आणि माझ्या हातातली चादर बघून त्या आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. त्यांनाही माहीत असणार. तालुक्याला माहीत असणार.

मी खांडा त्याच्या फळीवर ठेवला. म्हणालो, "हे काय आहे?"

"खांडा हाय, मास्तर."

"लाकूड कुठलं?"

"लाकूड... लाकडाचंच हाय."

"अल्लाबक्ष, आपण चौथीपासून एका बाकावर बसलो. तुला खोटं बोलता येत नाही म्हणून मार मी खायचो."

त्याने रंधा खाली ठेवला. भुसा झटकला. परत रंधा उचलला. "वैनींनी शपथ घातलीय."

"कशाची?"

"तेबी सांगायचं न्हाई, अशी."

मी बसून राहिलो. तो उभा राहिला. शेवटी तोच बोलला, माझ्याकडे न बघता, फळीला सांगितल्यासारखं. वटपौर्णिमेच्या सुमारास तुझी आई एकटीच दुकानात आली. म्हणाली, भाऊ, हुबेहूब असाच खांडा हलक्या लाकडाचा करून द्या. त्याने विचारलं, का वैनी? तर म्हणाली, "मास्तर श्लोक लय सावकाश म्हणतात." म्हणून त्याने पांगाऱ्याचा केला. पांगारा म्हणजे पोरांची खेळणी करतात ते लाकूड. पाण्यावर सोडलं तर होडी होईल. वर शिसवीचा रंग दिला. रविवारी मी चहा आणायला आत गेलो तेव्हा भिंतीवरचा बदलला. शिसवी खांडा त्याच्या दुकानात माळ्यावर आहे. त्याने वर बोट दाखवलं. मला मूठ दिसली.

"मग झालं की," मी म्हणालो. "पांगाऱ्याचा धरता येईल तिला. कट्यार कशाला?"

त्याने रंध्याचं पातं अंगठ्याने तपासलं.

"अल्लाबक्ष."

"आषाढात परत आल्या व्हत्या," तो म्हणाला. "म्हनल्या, भाऊ, ह्योबी जड लागतोय. अजून हलका करून द्या." त्याने टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली. "मी म्हनलं, वैनी, ह्याच्यापरीस हलकं लाकूड दुनियेत न्हाई."

मग म्हणे ती तिथेच स्टुलावर बसली आणि म्हणाली, बरं, मग कट्यार करा.

मी झेंडू घेऊन घरी आलो. खांडा भिंतीवर लावला. खरवडलं होतं तिथे काळं बूट पॉलिश लावलं. तुझ्या आईने झेंडू हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "एवढ्यासाठी कामशेत? शिळा आहे."

मी काही विचारलं नाही. तोलाचा नियम माझाच ना. माझ्या नियमातून सुटायला तिला दोनदा सुताराकडे जावं लागलं आणि मला कळायला एक स्टूल.

बाबा


लोणावळा,
खंडेनवमी

चि. समीक्षा,

आज तोल झाला.

सकाळी पाट मांडला. चारही तलवारी, फासे, रेणुका ज्याआड फासे टाकते तो सूत्रधाराचा पडदा; अल्लाबक्षने दरवर्षीप्रमाणे आपली करवत आणि रंधा पूजेला आणला. हळदीकुंकू, झेंडू. लोणावळ्याचाच झेंडू. पूजा झाली तसं मी उभं राहून जाहीर केलं की यंदापासून तोल रद्द. कारण दिलं, नियम कालबाह्य झाला आहे. रेणुकाने लगेच मान हलवली. अल्लाबक्ष म्हणाला, बरंच झालं, माझा खांदा धरलाय. दोघांची पाठांतरं चांगली होती.

तुझी आई म्हणाली, "का म्हणून? मी धरणार आहे."

"तुझ्याकडे कट्यार आहे. कट्यारीला तोल नसतो."

"आज खांडा धरते. सणाचा दिवस आहे. उद्यापासनं कट्यार."

"सारिका, नियमच रद्द—"

"तुम्ही श्लोक म्हणा."

तिने पाटावरून खांडा उचलला. दोन्ही हातांनी. उजवा हात मुठीवर नुसता ठेवलेला होता, जसा आपण आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतो तसा. सगळं डावा करत होता. पातं सरळ झालं. तिने माझ्याकडे बघितलं.

मी श्लोक सुरू केला. माझाच श्लोक, झोपेतसुद्धा एक मात्रा इकडची तिकडे व्हायची नाही. पहिला चरण संपला तेव्हा टोक स्थिर होतं. दुसऱ्याच्या पहिल्या अक्षराला ते जरासं थरथरलं. खिडकीबाहेरच्या पागोळ्यांकडे अल्लाबक्ष एकाएकी टक लावून बघायला लागला. रेणुका फासे मोजत होती. आणि मी दुसऱ्या चरणाच्या दुसऱ्या अक्षरावरून थेट चौथ्या चरणावर उडी मारली आणि श्लोक संपवला.

आयुष्यात पहिल्यांदा मी वृत्त मोडलं. आठवीच्या पोराने असं केलं तर मी त्याला बाकावर उभा करतो.

टोक झुकलं ते श्लोक संपल्यावर. म्हणजे तोल झाला. रेणुका म्हणाली, "मान्य."

तुझ्या आईने खांडा पाटावर ठेवला. माझ्याकडे बघत म्हणाली, "मधल्या दोन ओळी खाल्ल्या तुम्ही."

"वय झालं."

"संस्कृतच्या मास्तरचं?"

"त्यांचं सगळ्यात आधी होतं."

ती हसली. यंदा जांभई दिली नाही. मग चहा आणायला आत गेली, मी मागोमाग गेलो, कप उचलले. तिने गॅस बंद केला आणि माझ्याकडे पाठ ठेवूनच विचारलं, "त्या दिवशी कामशेतला गेलता ते झेंडूसाठीच का?"

"हो."

"मुठीखाली बूट पॉलिशचा वास येतोय."

मी कप पुढे केले. तिने चहा ओतला, डाव्या हाताने, एक थेंब न सांडता. मी कप घेऊन बाहेर आलो. चौघांनी चहा घेतला आणि ढगांच्या गडाचं पुढे काय करायचं यावर भांडलो. फितूर कोण ते अजून निघालेलं नाही.

आता मस्करी पुरे.

हे सगळं मी तुला तलवारीपासून लिहायला घेतलं, पण ते तिथून सुरू झालेलं नाही. वैशाखात एका दुपारी तिने मला पाण्याचा तांब्या दिला आणि तो माझ्या हाती यायच्या आधीच सुटला. तिने फरशीकडे बघितलं, मग आपल्या हाताकडे बघितलं. तसं बघताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "सांडू दे, उन्हाळा आहे." तेव्हापासून मी बघतो आहे. आधी शिसव गेलं, मग पांगारा गेला. आता चमचाही डाव्या हातात असतो, आणि गेल्या आठवड्यात जिना चढताना तिने दोनदा थांबून मला पावसाबद्दल विचारलं. पाऊस नव्हता.

मंगळवारी ती कुठे जाते हे तुला माहीत आहे. तिथे काय सांगतात तेही. तिने तुला शपथ घातली असणार; ती मोडू नकोस, आजाराचं नाव मला लिहू नकोस. ती सांगेल तेव्हा मी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकेन. तेवढं मला येतं.

फक्त एका गोष्टीचं उत्तर दे. हे हातापाशी थांबणार आहे का?

मला फार भीती वाटते गं.

बाबा